नातवाचं नाव घेऊन नाशिकला

नाशिकहून परत आलो त्याला पंधरा दिवस झाले. अकोल्याच्या आमच्या कॉलनीत रोज कुणी ना कुणी विचारतं, काय काय पाहिलंत? मी द्राक्षं आणि चिवडा पुढे करून सुटका करून घेतो. खरं तर मी फारसं काहीच पाहिलं नाही. काळाराम मंदिर बाहेरून पाहिलं, पांडवलेणी रिक्षावाल्याने बोटाने दाखवली तेवढीच. तरी लिहायला बसलो आहे, कारण त्या तीन दिवसांत जे झालं ते सांगायला घरात आता माणूस नाही.

माझी बायको शालिनी गेल्या वर्षी माघात गेली. तिचं वर्षश्राद्ध रामकुंडावर करायचं आणि आमच्या घराण्याच्या चोपडीत तिची नोंद करायची, एवढ्यासाठी मी निघालो. ज्यांना ही चोपडी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नाशिकला येणाऱ्या जुन्या घराण्यांचे तीर्थोपाध्याय ठरलेले असतात, गावावरून आणि आडनावावरून. घरातलं कुणी गेलं की उपाध्याय त्या गावाची चोपडी काढतात आणि आलेला माणूस स्वतःच्या हाताने लिहितो. कोण वारलं, कोण आहे, मुलगे किती, नातवंडं किती, त्यांची नावं काय. आमच्या पणजोबांपासूनची माणसं तिथे लिहिलेली आहेत.

अडचण होती ती नातवाच्या नावापाशी. माझा एकुलता एक मुलगा अनिकेत ऑस्ट्रियात ग्राझ या शहरात नोकरी करतो. त्याची बायको अम्रा बोस्नियातली, झेनित्सा नावाच्या पोलादाच्या कारखान्यांच्या गावातली. त्यांना पाच वर्षांचा मुलगा आहे. त्याचं नाव अम्राच्या वारलेल्या वडिलांवरून ठेवलं आहे, नेरमीन.

हे नाव मी आता सहज लिहिलं. नाशिकला जाईपर्यंत ते मी एकदाही तोंडाने उच्चारलेलं नव्हतं. मुलगा झाला तेव्हा अनिकेतने फोनवर नाव सांगितलं आणि मी म्हणालो होतो, तुमच्या कागदावर काय हवं ते लिहा, आमच्या घरात तो त्र्यंबक. त्र्यंबक हे माझ्या वडिलांचं नाव. नातवाला पणजोबांचं नाव मिळावं यात गैर काय, असं मी चारचौघांत म्हणत असे. मनातली गोष्ट वेगळी होती. नाव मुसलमानी होतं आणि ते मला खुपत होतं. हे मी शालिनीकडेही कधी कबूल केलं नाही, आणि तिला ते पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं.

आता चोपडीत काय लिहायचं हे मला ठरवायचं होतं. त्र्यंबक लिहावं तर असा कुणी मुलगा जगात नाही. दुसरं लिहावं तर माझा हात चालत नाही. काहीच लिहू नये, तर आमचं घराणं अनिकेतपाशी संपलं असं वाचणारा समजणार.

नांदगाव

सकाळची गाडी पकडली. भुसावळला समोरच्या बाकावर मालेगावचे एक वयस्कर गृहस्थ येऊन बसले. त्यांचे यंत्रमाग होते, आता मुलं चालवतात. मनमाडला उतरून पुढे बसने जाणार होते. डब्यात खिमा-पाव होता, तो उघडण्याआधी त्यांनी मला विचारलं, चालेल ना वास? चालेल म्हणालो. मग माझ्या दशम्या आणि तिळाची चटणी त्यांनी आवडीने खाल्ली. दशम्या मीच केल्या होत्या. शालिनीच्या पातळ आणि गोल असत, माझ्यांना कोपरे येतात.

नांदगावला गाडी कसल्याशा कारणाने तासभर थांबली. उन्हं चढली होती. फलाटावर भजी तळणं चालू होतं, आम्ही दोघे खाली उतरलो. लोक गप्पा मारताना सहज विचारतात तसं त्यांनी विचारलं, नातवंडं किती? एक, म्हणालो. नाव? मी खिशातली वही काढून नाव लिहिलेलं पान त्यांच्या पुढे धरलं.

ही वही म्हणजे माझा वर्षभराचा उद्योग. मी पाटबंधारे खात्यात होतो. शालिनी गेल्यावर संध्याकाळी करायला काही उरलं नाही, तेव्हा या नावाचा मी कालव्यासारखा माग काढला, उगमापासून शेवटच्या चारीपर्यंत. उगम फार्सीत. आपल्या बोलण्यातला नरम ज्या शब्दातून आला, त्याच घरातलं हे नाव. मऊ, सौम्य असा अर्थ. तुर्कांच्या राज्याबरोबर असली नावं बाल्कनात पोचली. तिथले मुसलमान, ज्यांना बोश्नियाक म्हणतात, ते वंशाने आणि भाषेने स्लाव, पण त्यांची पुष्कळ नावं अरबी, फार्सी, तुर्की. ती त्यांनी आपल्या जिभेला बसतील अशी घासूनपुसून घेतली. गंमत अशी की तुर्कस्तानात नेरमीन हे बायकांचं नाव आहे. बोस्नियात ते पुरुषांचं आहे, आणि मुलगी असेल तर शेवटी आ लावून नेरमिना करतात. हाक मारायची असेल तर नावाला ए जोडतात, नेरमिने. आपण देवाला देवा म्हणतो तसंच. एवढं सगळं मला माहीत होतं. धरणाचा नकाशा तोंडपाठ असावा आणि पाण्यात पाय घालायची छाती नसावी, अशी माझी तऱ्हा होती.

मालेगावच्या गृहस्थांनी चष्मा वर करून पान वाचलं आणि नाव मोठ्याने म्हटलं. त्यांच्या तोंडून ते फार सहज आलं. मला उगाच राग आला.

“आमच्याकडे हे पोरीचं ठेवतील,” ते म्हणाले. “पण छान आहे. कुणी ठेवलं?”

“त्याच्या आईच्या वडिलांचं आहे. ते वारले.”

“मग तर झालंच. आणि तुम्ही काय हाक मारता?”

मी भज्यांच्या कागदाकडे बघत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मनमाडला उतरताना मात्र त्यांनी सामान खाली ठेवून माझा हात हातात घेतला आणि नातवाला त्याच्या नावाने दुआ दिली.

पंचवटी

नाशिक रोडहून रिक्षा करून पंचवटीत आलो. येत्या सिंहस्थाची कामं जिकडेतिकडे चालली आहेत, रस्ते उकरलेले, घाटावर धूळ. रिक्षावाला सिन्नरकडचा होता. “बाबा, लय आत नाय जाता येणार, इथून चालत दोन मिनिटं हाय,” म्हणाला, आणि ती दोन मिनिटं बॅग घेऊन वीस झाली.

पहिल्या लॉजवर मॅनेजरने विचारलं, किती जण? एकटाच, म्हणालो. खोली नाही म्हणाला. मागच्या फळीवर किल्ल्या लटकत होत्या. दुसऱ्या लॉजवर तेच. तिसऱ्या ठिकाणी एका तरुण मॅनेजरने खरं कारण सांगितलं. तीर्थाच्या गावी एकटी माणसं येतात आणि कधीकधी खोलीत नको ते करून बसतात, मग पोलिसांचा ससेमिरा. त्यामुळे एकट्याला खोली द्यायची नाही असं मालकाने बजावलं आहे. मी त्याला म्हणालो, अरे माझं वय बघ. तो म्हणाला, “काका, वयाचंच तर भ्या वाटतं.”

चौथ्या लॉजवर मी खोटं बोललो. बायको मागून येते आहे, म्हणालो. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. मी माझं नाव लिहिलं आणि खाली तिचं. वर्षभरात तिचं नाव कुठेच लिहायची वेळ आली नव्हती, पेन्शनच्या आणि मृत्यूच्या कागदांखेरीज. दोन पलंगांची खोली मिळाली. मॅनेजरने दोन टॉवेल दिले, दोन साबणाच्या वड्या दिल्या. मी खोलीत जाऊन दुसऱ्या पलंगावर बॅग ठेवली, कारण तो रिकामा बघवत नव्हता.

संध्याकाळी उपाध्यायांचं घर शोधायला निघालो. पहिल्या घरी गावाचं नाव विचारलं, तालुका विचारला, आडनाव विचारलं आणि सांगितलं की तुमच्या गावचा अकोट तालुका आमच्याकडे नाही, दोन गल्ल्या सोडून पलीकडे. पलीकडच्या घरी म्हणाले की तालुका आमचा, पण तुमचं आडनाव आमच्या भाऊबंदांच्या धाकट्या पातीकडे. अखेरीस धाकट्या पातीचं घर सापडलं तेव्हा दारात त्या घरच्या सूनबाई होत्या. गुरुजी त्र्यंबकेश्वरला गेले होते, परवा येणार. मला एक पूर्ण दिवस मोकळा मिळाला, आणि तोच मला नको होता.

मोकळा दिवस

सकाळी मिसळ खाल्ली. नाशिकची मिसळ आमच्याकडच्यासारखी नुसती झणझणीत नसते, काळ्या रश्शाला मसाल्याचा खोल वास असतो, सोबत पापड आणि दही. वाढणाऱ्या बाई रश्शाचं भांडं घेऊन फिरत होत्या आणि नको म्हणेपर्यंत ओतत होत्या. मी नको म्हणायला विसरलो. तोंड भाजलं, डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी न विचारता ताक आणून ठेवलं.

मग भांडी बाजारात गेलो. तांब्यापितळेची दुकानं एकाला एक लागून, ठोके पडत होते. पाच वर्षांपूर्वी मी इथूनच एका ओळखीच्याकरवी चांदीची वाटी घेतली होती आणि तिच्यावर त्र्यंबक असं कोरून ग्राझला पाठवली होती. अनिकेत काही बोलला नाही. शालिनी बोलली होती. ती म्हणाली, तुम्ही त्या लेकराला दुसऱ्याच्या वाटीत जेवायला घालता आहात.

दर रविवारी ती व्हिडिओवर त्यांच्याशी बोलायची. तिला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्याला मराठी येत नव्हतं, तरी ती दोघं अर्धा तास खिदळायची. शेवटी ती फोन माझ्याकडे वळवायची आणि मी म्हणायचो, काय त्र्यंबकराव. त्यावर तो पोरगा मान वळवून आपल्या मागे बघायचा. खोलीत आणखी कुणीतरी आलं आहे असं त्याला वाटायचं. दोन-तीन वर्षं तो असा दर रविवारी मागे बघत राहिला. मी ते बघत होतो आणि तरी पुढच्या रविवारी पुन्हा तेच म्हणत होतो. आज हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

शालिनी गेली आणि रविवारचा फोन बंद पडला. अनिकेत दिवसकार्याला आला, तेरा दिवस राहिला, माझ्याशी नीट वागला. जाताना म्हणाला, बाबा, वाटलं तर फोन करा. वर्षभर तो सणावारी मेसेज करतो, मी नमस्काराचा हात पाठवतो.

दुपारी लॉजवर परतलो तर मॅनेजरने विचारलं, काकू नाही आल्या? गाडी चुकली, म्हणालो. दुसरा टॉवेल अजून घडीचाच होता.

रामकुंड

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी भेटले. पन्नाशीचे, धोतरावर गरम जाकीट, कानाला फोन. बोलणं नेमकं आणि घाईचं. कुंडावर माझ्या आसपास आणखी सात-आठ कुटुंबं बसली होती. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी होतं, पाणी देणारं, दर्भ उचलून देणारं, पंचा धरणारं. माझ्यामागे दगडी पायऱ्या होत्या. गुरुजी म्हणाले, मागून तांब्या घ्या, आणि मीच मागे वळून घेतला. पाणी थंडगार होतं. पिंड सोडताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण पाय घसरू नये याकडेच सगळं लक्ष गेलं.

गुरुजींनी नेहमीच्या ओघात विचारलं, नातू आहे? आहे, म्हणालो. “मग चोपडीत घालू,” ते म्हणाले आणि पुढच्या मंत्राला लागले.

चोपडी

त्यांच्या घरी माडीवर भिंतभर फळ्या, त्यांवर लाल कापडात बांधलेल्या लांबट चोपड्या. गुरुजींनी आमच्या गावची बरोबर काढली. पणजोबांची नोंद मोडीत होती. आजोबांच्या नावापुढे अंगठा. वडिलांची नोंद बाळबोध वळणाची, आणि तिच्यात मी होतो, चिरंजीव म्हणून, वय वर्षं तीन.

मी गुरुजींना म्हणालो की नातवाचं नाव जरा वेगळं आहे, बाहेरच्या धर्मातलं आहे, ते इथे चालणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आज मला कबूल करायला हरकत नाही की ते नाही म्हणतील अशी मला आशा होती. ते नाही म्हणाले असते तर मी हात झटकून अकोल्याला परतलो असतो आणि दोष त्यांच्यावर टाकला असता.

गुरुजी म्हणाले, “आम्ही कुणाचं नाव लिहीत नाही आणि खोडतही नाही. यजमान लिहितो, आम्ही जपतो.” मग त्यांनी पान उलटलं. “आणि तुमच्याकडचं नाव तर आलेलं आहे.”

पुढच्या पानावर शालिनीचं अक्षर होतं. ती आधी शिरोरेघ ओढायची आणि मग तिला खाली अक्षरं टांगायची, शाळेत असल्यापासूनची तिची सवय. ते अक्षर मी कुठेही ओळखीन. तारीख तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा ती भजनी मंडळाच्या बसने शिर्डी, नाशिक, वणी करून आली होती. मी घरी क्रिकेट बघत होतो. आल्यावर तिने द्राक्षं धुऊन दिली आणि बसमध्ये कोण कुणाशी भांडलं ते सांगितलं. हे सांगितलं नाही.

तिने लिहिलं होतं: मुलगा अनिकेत, सून अम्रा, नातू चि. नेरमीन. त्याखाली थोडी जागा सोडून: आजोबा येतील तेव्हा सही करतील.

गुरुजींचा फोन वाजला, त्यांनी तो बंद केला. म्हणाले की सहसा बायका चोपडीत लिहीत नाहीत, शेजारच्या दोघी-तिघी तर हसल्यासुद्धा होत्या, पण या बाईंनी पेन मागून घेतलं. सही घरातल्या कर्त्या पुरुषाची असते असा आमचा रिवाज, हे सांगितल्यावर त्यांनी जागा सोडली. ते येतील का, असं गुरुजींनी विचारलं, तर म्हणाल्या, येतील, त्यांना वेळ लागतो.

मी विचारलं, नावाबद्दल काही म्हणाली का?

गुरुजींना आठवत होतं. “मी म्हटलं, बाई, हे नाव कुठलं? त्या म्हणाल्या, तिकडचं आहे, मऊ असा अर्थ आहे. आमच्या घरात तेवढंच कमी होतं.”

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ, कुंडावर जे आलं नव्हतं ते सगळं आलं. गुरुजींच्या सूनबाई चहा घेऊन वर आल्या होत्या, त्या कप ठेवून तशाच खाली गेल्या. मग मी शालिनीच्या निधनाची नोंद लिहिली. माझ्या अक्षराला तिच्या अक्षराची सर नाही. तिने सोडलेल्या जागेत सही केली. जागा तिने मोठी सोडली होती. माझी सही लांबलचक आहे, हे तिला ठाऊक होतं.

अकरा वाजत आले होते. तिकडे सकाळचे साडेसहा. माडीच्या जिन्यावर बसून मी अनिकेतला व्हिडिओ फोन लावला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला. केस विस्कटलेले, चेहरा घाबरलेला.

“बाबा? काय झालं?”

“काही नाही. नेरमीन उठलाय का?”

फोन हलला, छत दिसलं, एक दिवा दिसला. आतून अम्राने काहीतरी विचारल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, थांबा, देतो.

पोरगा टेबलाशी बसून दुधात काहीतरी बुडवून खात होता. ओठांवर पांढरी रेघ. वर्षभरात दोन दात पडले होते. त्याने माझ्याकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, नीट आणि न हसता. मी म्हणालो, नेरमीन. त्याने घास खाली ठेवला. आता पुढे काय बोलायचं ते मला कळेना. त्याला मराठी येत नाही, मला जर्मन येत नाही, बोस्नियन येत नाही, आणि शालिनीसारखं नुसतं खिदळता मला कधीच आलं नाही. तो वाट बघत होता. म्हणून मी पुन्हा म्हणालो, नेरमीन, आणि आणखी एकदा, नेरमीन. आम्हा दोघांनाही येणारा तेवढा एकच शब्द होता.